तीस सप्टेंबरचा पट

मागच्या उन्हाळ्यात एका परिसंवादात एका निवृत्त अधिकाऱ्यांनी फळ्यावर भागाकार मांडला. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा सुमारे १४,८००, त्यांतली मुले सुमारे १,८५,०००, शिक्षक सुमारे २९,७००. म्हणजे सहा मुलांमागे एक शिक्षक. "एवढ्या पगाराच्या पैशांत ही मुलं उत्तम वसतिगृहात राहून शिकतील," असे म्हणून त्यांनी खडू ठेवला. टाळ्या पडल्या. मी हात वर केला, पण वेळ संपली होती. अठ्ठावीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची सात बालाघाटच्या डोंगरात केंद्रप्रमुख म्हणून. त्या भागाकाराला उत्तर देणे माझ्याकडे बाकी राहिले आहे.

आकडे खरे आहेत. २०२३ साली समूहशाळांची, म्हणजे लहान शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याची, चर्चा सुरू झाली तेव्हा ते सगळीकडे छापून आले होते. पण ती सहा मुले एका इयत्तेत नसतात. पहिलीत दोन, दुसरीत एक, तिसरीत कुणीच नाही, चौथीत तीन. गुरुजी एकाला बाराखडी गिरवायला देतात आणि दुसऱ्याचा हातच्याचा गुणाकार तपासतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले, ते इयत्ता लक्षात ठेवूनच.

पगार बाजूला ठेवला, तर शाळेच्या हातात काय पडते? समग्र शिक्षा योजनेच्या निकषानुसार संयुक्त शाळा अनुदान तीस पटापर्यंत १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. दरडोई पाहिले तर लहान शाळेला जास्त मिळते, हे मी नाकारत नाही. पण वीजमीटर, फळा, हातपंपाची दुरुस्ती, पावसाळ्यात गळणारा पत्रा यांचा खर्च पटावर ठरत नाही. आणि माझा खरा आक्षेप त्याहून पुढचा आहे. या उतरंडीत मूल कोण आहे हे विचारणारा एकही रकाना नाही. मोसंबीच्या बागायतदारांची पंधरा मुले आणि ऊसतोड्यांची पंधरा मुले, दोन्ही शाळांना दहा हजारच. एका घरी आई रात्री पाढे म्हणून घेते. दुसऱ्या घरी आई कारखान्याच्या फडात पहाटे तीनला उठून मोळ्या बांधते.

इथे मला जोतीराव फुल्यांकडे जावेच लागते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, ते आपण जयंतीला आठवतो आणि अंदाजपत्रकाच्या दिवशी विसरतो. त्यातला पहिला मुद्दा सर्वांना माहीत आहे: सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वर ओतलेली विद्या आपोआप खाली झिरपेल, हा समज त्यांनी खोडून काढला. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले. पण मला त्यांचे मोठेपण पुढच्या तपशिलात दिसते. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत का येत नाही, तर तो गुरे राखतो, शेतात राबतो आणि घरात दारिद्र्य आहे, हे त्यांनी आयोगाला सांगितले. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. मागे राहिलेल्या जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या हव्यात, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे हवीत. शिक्षकांना बरा पगार हवा आणि शक्यतो ते शेतकरी समाजातले हवेत. जोतीरावांनी शाळेचा खर्च शाळेच्या भिंतीपाशी थांबवला नाही. तो मुलाच्या घरापर्यंत नेला.

त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर मी वर्षानुवर्षे विचार करत आलो. चढाओढीच्या परीक्षेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते, पण ज्या समाजात शिक्षण पोचलेच नाही तिथे ते त्याने पसरत नाही, असे ते म्हणतात. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशाच वर्गांसाठी राखा, ही त्यांची मागणी. अलीकडे आपण 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अशी स्पर्धा घेतली आणि राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला ५१ लाख रुपये दिले. जिंकलेल्या शिक्षकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण स्पर्धेत उतरायलाच ज्या शाळेत माणूस नाही, इमारतीला रंग नाही, तिच्या वाट्याला त्यातला एक रुपया कधी यायचा? जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या आक्षेपाला आपण उत्तर दिलेले नाही.

एक प्रयत्न मात्र झाला होता. १९९२ साली सावित्रीबाईंच्या जयंतीला उपस्थिती भत्ता सुरू झाला. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया, वर्षाला फार तर २२० रुपये. कल्पना थेट जोतीरावांच्या वाटेवरची. पण दर वर्षानुवर्षे तिथेच राहिला. पुढे पुढे तो रुपया मुलीच्या हातावर ठेवताना मला तिच्या आईकडे पाहवत नसे.

दुसरा प्रयत्न परदेशातला. इंग्लंडने २०११ पासून गरीब विद्यार्थ्यांसाठी शाळांना वेगळा निधी द्यायला सुरुवात केली. मागच्या सहा वर्षांत कधीही मोफत जेवणाला पात्र ठरलेले मूल त्यात मोजतात. २०१४-१५ मध्ये प्राथमिकच्या मुलामागे १,३०० पौंड होते आणि माध्यमिकच्या मुलामागे ९३५; पाया आधी, हे तिथे आकड्यात दिसते. दोषही आहेत. पात्रतेच्या रेषेच्या जरा वर असलेले मूल सुटते आणि हात आखडला की मुख्याध्यापक याच पैशाने इतर खड्डे बुजवतात. तरी पैसा कुणाच्या नावाने आला हे कागदावर राहते, आणि तो कशावर खर्च झाला हे शाळेला जाहीर करावे लागते. आपल्यालाही हे अवघड नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव पंचवीस टक्क्यांत खासगी शाळेत गेलेल्या मुलामागे राज्याने १७,६७० रुपयांचा दर ठरवला आहेच. ते पैसे शाळांना वेळेवर मिळत नाहीत हा वेगळा लढा. पण मुलाच्या नावाने रक्कम ठरवता येते, हे शासनाला ठाऊक आहे.

हा लेख मी 'वाडीवरची एकही शाळा बंद होता कामा नये' असे म्हणायला बसलो होतो. लिहिता लिहिता एक मुलगी डोळ्यांपुढे आली. माझ्या केंद्रातल्या एका वस्तीशाळेत चौथीत ती एकटी होती. मी गेलो तेव्हा अंगणात ठिक्कर आखून एकटीच खेळत होती; डाव हरायलाही कुणी नव्हते. तिच्या आईला मी विचारले, मोठ्या शाळेत पाठवाल का? ती म्हणाली, "धाडते की गुरुजी, गाडी रोज येणार असंल तर. पण वड्याला पाणी आलं की गाडी येत न्हाई, मग पोरगी घरीच." त्या माउलीचा हट्ट इमारतीसाठी नव्हता. माझा होता. पानशेतला, तोरणमाळला मुले एकत्र आणून शाळा उभ्या राहिल्या. तसे जिथे होईल तिथे मी आता विरोध करणार नाही. पण माझी अट आहे. शाळा बंद करून जो पैसा वाचला, त्यातला पै न् पै त्या मुलांच्या नावाने राहिला पाहिजे. पहिल्या वर्षी गाडी, दुसऱ्या वर्षी निविदा अडकली, तिसऱ्या वर्षी गाडी नाही, असे झाले तर ती शाळा बंद केली नाही, ती मुले काढून टाकली.

आणि मोजणी बदला. पट धरतात तो तीस सप्टेंबरचा. त्याच सुमारास आमच्या डोंगरात ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटत फिरत असतो. दसरा झाला की टोळ्या निघतात आणि त्यांच्याबरोबर कितीतरी पोरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांवर बसून साखर कारखान्याकडे जातात. मुलांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृह आहे. पण माझ्या केंद्रात त्याचा निधी दोनदा जानेवारीत आला. तोवर मुले फडात पोचून उसाचे वाढे गोळा करत होती. पट दुसऱ्यांदा जानेवारीत मोजा. त्या दिवशी जे मूल वर्गात नाही, त्याचा पैसा परत घेऊ नका. ते जिथे आहे तिथल्या शाळेला द्या आणि त्याला वर्गात बसवायची जबाबदारी तिच्यावर टाका. वसतिगृहाचा निधी मुकादमाच्या उचलीआधी गावात पोचवा.

निवृत्तीच्या वर्षी एका शाळेचा हजेरीपट मी चाळत होतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत नऊ नावांपुढे रोज लाल शाईने 'गै' लिहिले होते. एप्रिलमध्ये पाच परतली. उरलेल्या चौघांची नावे पुढच्या वर्षीच्या पटावर मला सापडली नाहीत.