दाद कुणाला दिली?

पुरुषानं स्त्रीची भूमिका उत्तम वठवली की आपल्या तोंडून एकच दाद निघते : ‘पुरुष आहे असं वाटलंच नाही!’ मेलट्टूरला भागवत मेळ्यात ‘प्रह्लादचरित्रा’तली लीलावती, म्हणजे प्रह्लादाची आई, पाहताना मीही मनात तेच म्हटलं. म्हणताना स्वतःच्या रसिकतेचं बरंही वाटलं. तेच बरं वाटणं गेले काही महिने मला टोचतं आहे.

मेलट्टूर तंजावूर जिल्ह्यातलं गाव. अच्युतप्पा नायकानं इथं ब्राह्मण कुटुंबांना जमिनी दिल्या, म्हणून त्याचं जुनं नाव अच्युतपुरम्. नृसिंह जयंतीच्या दिवसांत वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर रात्र जागवत तेलुगू नाटकं होतात. ती लिहिली मेलट्टूर वेंकटराम शास्त्र्यांनी, म्हणजे तंजावूरच्या गादीवर भोसले होते त्या काळात. परंपरेनं सगळ्या भूमिका पुरुषांच्या. एरवी नोकरीधंद्यात असलेले गृहस्थ चेहरा रंगवतात, डोळे कोरतात, वेणी माळतात. प्रेक्षकांत कुणी खुदकनही हसत नाही.

त्या रात्री पुतण्या माझ्याबरोबर होता. सव्वीस वर्षांचा, दाट दाढीचा, आणि डोळ्यांत काजळ घालणारा. सकाळी आम्ही बृहदीश्वराला निघालो तेव्हा त्यानं आरशासमोर उभं राहून सवयीनं काजळ घातलं. मी काही बोललो नाही. पण देवळाच्या आवारात माझी नजर सारखी आजूबाजूला भिरभिरत होती, कोण बघतंय म्हणून. भस्माचे पट्टे ओढलेले, कपाळी चंदन-कुंकू लावलेले पुरुष शेजारून जात होते. पोराकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. तंजावुरात मला ओळखणारं एक माणूस नव्हतं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणताना आपण ज्या लोकांची ढाल पुढे करतो, ते लोक तिथं नव्हतेच. होतो तो फक्त मी.

मग लीलावतीला हात जोडणारा मी आणि पुतण्यामुळे अवघडलेला मी, यांत फरक कशाचा? रंगाचा नव्हे, लीलावतीच्या चेहऱ्यावर रंग कितीतरी जास्त होता. फरक असा की लीलावतीत पुरुष पार नाहीसा झाला होता. पुतण्याच्या चेहऱ्यावर दाढी आणि काजळ एकत्र नांदत होतं.

हे ध्यानात आल्यावर आपल्या रंगभूमीचा इतिहासही मला वेगळा दिसू लागला. आमच्या आजीनं बालगंधर्वांची नाटकं पाहिली होती. त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, त्यांच्यासारखा अंबाडा घालायला घराघरांतल्या बायका शिकल्या, हे ती अभिमानानं सांगे. त्याच महाराष्ट्रात कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांत वर्षानुवर्षं नाच्या रंगवला, आणि त्या थोर नटाच्या वाट्याला पडद्याबाहेरही टवाळी आली. संसारी माणूस, पण लोकांनी तो नाच्या त्यांच्या घरापर्यंत नेला. बालगंधर्वांची ‘मानापमाना’तली भामिनी पुरुष विसरायला लावते. नाच्या विसरू देत नाही, पुरुष राहूनच लचकतो. एकाला आपण देव्हाऱ्यात बसवलं, दुसऱ्यावर शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्यांमधली एक माझीही होती.

असा दुजाभाव नृत्यातही होता. वकील ई. कृष्ण अय्यर मेलट्टूरच्या नटेश अय्यरांकडे नृत्य शिकले, आणि सदिर, म्हणजे आजचं भरतनाट्यम, वाचवण्यासाठी स्वतः स्त्रीवेशात नाचले. त्याच काळात ज्यांच्या घरात ती कला पिढ्यानपिढ्या जपली गेली, त्या देवदासींच्या नाचाला मात्र समाज नावं ठेवत होता. अय्यरांवर यात अन्याय नको; 1931 साली देवदासी घराण्यातल्या कल्याणी भगिनींना मद्रासच्या म्युझिक अकादमीचं व्यासपीठ मिळालं ते त्यांच्याच पुढाकारानं. पण पुरुषानं नटणं ही इथली जुनी मोकळीक आहे असं मी चारचौघांत ऐटीत सांगतो, तेव्हा ती मोकळीक कुणाची होती हे सांगायचं टाळतो. खेळ संपला की रंग उतरवून पुन्हा घरचा कर्ता व्हायची सोय असलेल्या पुरुषाची ती होती. बाईला तशी सोय नव्हती.

लग्नात मी स्वतः भिकबाळी घातली होती. कानात मोती, अंगावर अत्तर. त्यानं माझं पुरुषपण उणावल्याचं कुणाला वाटलं नाही, कारण त्यावर परंपरेचा शिक्का होता. 2005 साली पुरुषांसाठी म्हणून ‘फेअर अँड हँडसम’ आलं तेव्हा शिक्का बाजारानं मारला, आणि गोरं होण्याच्या त्या हव्यासाची लाज फारशी कुणाला वाटली नाही. पुतण्याच्या काजळावर कुठलाच शिक्का नाही. ते त्याला आवडतं, एवढंच त्याचं कारण. एवढं कारण मला पुरत नाही, हीच माझी अडचण आहे.

अजूनही ते मला सुंदर दिसत नाही. दिसतं असं म्हणालो तर खोटं होईल. पण माझ्या डोळ्यांना सुंदर दिसणं ही अट त्याच्या वागण्यावर मी कुठल्या अधिकारानं घालावी? दादाचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, परवा फोन आला. ‘तुझं ऐकतो तो, तूच समजाव.’ मी म्हणालो, ‘समजावणार नाही, दादा. त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.’ दादा रागावला. त्याच्या रागाशी मला वाद घालता आला नाही, इतका तो माझ्या ओळखीचा होता. पण शब्द मागे घेतला नाही.