वेदीभोवतीची फुले

पुष्परचनेच्या वर्गात आम्ही प्रथम कापायला शिकतो: देठ तिरका छाटावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत. संयमाचा मोठा धडा मात्र ख्रिस्तसभा देते. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ३०५ वे कलम सांगते, की फुले माफक असावीत, वेदीवर न ठेवता वेदीभोवती मांडावीत. प्रायश्चित्तकाळात चौथा रविवार व सण वगळता ती नसावीतच. हे बंधन कशासाठी? दादरच्या फुलबाजारातला निशिगंध शेतकऱ्याने पिकवला, गंध परमेश्वराने दिला. मांडणी तेवढी आमची. भाविकांची नजर त्या मांडणीवरच खिळली, तर कौशल्य वाढले तरी सेवा उणावली. म्हणून फुलांविना राहिलेल्या वेदीपुढेही आमचे मन तितकेच रमते का, हे आम्ही दरवर्षी स्वतःला विचारावे.