स्पर्शाची साक्ष

आषाढी वारीच्या काळात पुण्यात मुक्कामाला येणाऱ्या पालख्यांतील पादुका संतांनी प्रत्यक्ष पायांत घातलेल्या नाहीत, हे वारकऱ्यांना ठाऊक असते आणि त्याने त्यांच्या श्रद्धेला उणेपणा येत नाही. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये देहूहून पालखी नेण्याची प्रथा सुरू केली, तेव्हापासून त्या पादुकांचे पावित्र्य वारीनेच जपले आहे. संतांनी वापरलेल्या घरगुती वस्तूंना मात्र असा आधार नसतो. त्यांचे सारे मोल ‘ही त्यांनी हाताळली’ या एका विधानावर उभे असते.

अठराव्या शतकात पूर्व युरोपात बाल शेम तोव यांच्या शिकवणुकीतून उदयास आलेल्या हसिदी या यहुदी भक्तिपंथातही असेच आढळते. तेथील गुरूला ‘रेब्बे’ म्हणतात. त्याने आशीर्वाद म्हणून दिलेली नाणी काही कुटुंबांनी वितळवून त्यांचा पेला घडवून घेतला आणि शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक पवित्र दिवसाच्या, प्रारंभी द्राक्षासवावर प्रार्थना म्हणताना तो वापरला. नाण्याचे रूप गेले, तरी त्यातील आशीर्वाद दर आठवड्याला त्या घराच्या उपयोगी पडत राहिला.

शिर्डीत नाणी नाणीच राहिली. साईबाबांना नित्य भाकरी नेऊन देणाऱ्या लक्ष्मीबाई शिंदे यांना बाबांनी 15 ऑक्टोबर 1918 रोजी, देह ठेवण्यापूर्वी, प्रथम पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले. त्या काळी बाजारात फिरणाऱ्या असंख्य रुपयांहून त्यांत वेगळे असे काहीच नव्हते, आणि पुढे अस्सल नाणी कोणती यावरून वाद झाला, तेव्हा ही अडचण उघडी पडली. कारण स्पर्शाची खूण धातूवर उमटत नाही, ती केवळ सांगणाऱ्याच्या तोंडी राहते.

सज्जनगडावर समर्थ रामदासांचा पलंग, कुबडी आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांचे पाण्याचे हंडे दाखवले जातात, तेथे ही साक्ष सांभाळायला संस्थान आहे. पुण्यातील घरांना ती सोय नाही. धनकवडीला ज्यांची समाधी आहे ते शंकरमहाराज (समाधी 1947) भक्तांच्या घरी उतरत, त्यामुळे या शहरात एखादा पेला, पाट किंवा शाल देव्हाऱ्याशेजारी जपली जाणे स्वाभाविकच आहे. परंतु वाडा पाडून इमारत उभी राहते, फडताळे रिकामी होतात, आजी गेलेली असते, आणि तो पेला इतर पितळेबरोबर मोडीत निघतो. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालण्याची आपल्याकडे रीत आहे; संताने पाणी प्यायलेल्या भांड्यावर मात्र कोणी काही कोरलेले नसते. पुढच्या पिढीने ते मोडीत घातले तर तिला दोष देणे न्यायाचे नाही, कारण तिला कोणी काही सांगितलेलेच नसते.

म्हणून ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे, त्यांनी ती कोणी वापरली, कधी, कोणाच्या देखत आणि ती घरात कशी आली, हे आजच कागदावर लिहावे, त्याखाली सही-तारीख घालावी, आणि जे केवळ ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच नोंदवावे. भांड्यावर काही कोरू नये, कागद मात्र वस्तूपासून दूर ठेवू नये.