विकत घेतलेल्या घरातील चूल

घर विकत घेतले म्हणजे जमीन, भिंती, छप्पर आणि विहीर यांची मालकी बदलते. परंतु आधीच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे सारवलेली, सणावारी हळदकुंकू लावून पुजलेली चूल नव्या मालकाकडे कोणत्या नात्याने येते, हा प्रश्न खरेदीच्या कागदाने सुटत नाही. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड परिसरात, जिथे धानाची शेती आणि छत्तीसगडच्या सीमेकडे पसरलेले जंगल यांच्या आधाराने संसार चालतो, तिथे मातीची चूल काढून गॅसची शेगडी किंवा निर्धूर चूल (जिचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो अशी चूल) बसवायची झाली, तर पुजलेली वस्तू मोडल्याचा दोष लागतो काय, या शंकेचे उत्तर परंपरेच्या आतूनच शोधले पाहिजे, कारण ही शंका परंपरेनेच निर्माण केलेली आहे.

वैदिक कर्मकांडाने अग्नी आणि अग्नीची जागा यांत प्रारंभापासून भेद केलेला दिसतो. ज्याने विधिपूर्वक अग्नीची स्थापना केली आहे असा गृहस्थ, म्हणजे आहिताग्नी, स्थलांतर करताना आपला अग्नी अरणींमध्ये, म्हणजे ज्या लाकडांच्या घर्षणाने अग्नी उत्पन्न करतात त्यांमध्ये, मंत्राने आरूढ करून बरोबर नेतो. या विधीला समारोपण म्हणतात, आणि तो झाल्यावर मागे उरलेल्या कुंडात पावित्र्याचा अधिवास राहत नाही. पारशी समाजाचा इराणशाह हा पवित्र अग्नीही संकटकाळी संजाणहून बहारोटच्या डोंगरातील गुंफांमध्ये नेला गेला आणि पुढे अनेक मुक्काम करून १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला; जागा बदलत गेल्या, अग्नी तोच मानला गेला. विभक्त झालेल्या भावांची देवपितृकर्मे वेगवेगळी होतात, हा धर्मशास्त्राचा नियमही याच दिशेचा आहे, कारण त्यात गृहकर्माचा संबंध कुटुंबाशी जोडलेला आहे. म्हणून घर विकून गेलेल्या कुटुंबाचा अग्नी त्याच्याबरोबर गेला असे मानणे शास्त्राला धरून आहे, आणि मागे राहिलेली माती आदराने काढता येते.

परंतु चिचगड परिसरातील गोंड व हलबा कुटुंबांचा देवधर्म स्मृतिग्रंथांवर उभा नाही, आणि त्यांच्या घरांविषयीचा निर्णय मनूच्या आधारे देणे अन्यायाचे होईल. बस्तरच्या मुरिया गोंडांवर वेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घरात पितरांसाठी ठेवलेल्या मृतांच्या मडक्याचे वर्णन येते. गेलेली माणसे घरातच वास करतात, अशी त्यामागची श्रद्धा आहे. प्रत्येक गावची रीत सारखी नसते, तरीही अशी श्रद्धा असलेल्या घराचा व्यवहार झाला असेल, तर स्वयंपाकघराला हात लावण्यापूर्वी जुन्या कुटुंबाला विचारणे आणि त्यांच्या पितरांना त्यांच्या पद्धतीने नेऊ देणे, हे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

या विषयाची सर्वांत महत्त्वाची बाजू मात्र पंचसूनांच्या कल्पनेत आहे. सूना म्हणजे जीवहत्येची जागा. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरातील अशा पाच जागा सांगताना चूल प्रथम मोजली आणि त्यानंतर दळणाचे जाते, केरसुणी, उखळ-मुसळ व पाण्याची घागर यांची नावे घेतली, कारण यांच्या वापरात नकळत सूक्ष्म जीव मरतात. या दोषाच्या निष्कृतीसाठी अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, होम, भूतमात्रांना बली आणि अतिथीचा सत्कार हे पाच महायज्ञ रोजचे कर्तव्य म्हणून सांगितले. ज्या वस्तूची पूजा करायची, तिच्याच ठिकाणी हिंसा होते हे मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा असामान्य आहे. तरीही या गणनेत एक जीव राहून गेला, आणि तो म्हणजे चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ पेटवणारी स्त्री. लाकडाच्या धुरातील सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड यांमुळे फुप्फुसांचे जुनाट विकार, मोतीबिंदू आणि लहान मुलांमध्ये न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० या वर्षी जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली. अग्नीत पडणाऱ्या किड्याचा दोष ज्या विचाराने मोजला, त्या विचाराला हा दोष मोजणे मुळीच परके नाही, आणि तो मोजला की चूल बदलणे धर्माच्या विरुद्ध न राहता धर्माच्या तर्काचेच पुढचे पाऊल ठरते.

विदर्भाला हे पाऊल नवे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघात, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या काळात मगन चूल ही निर्धूर चूल तयार झाली, आणि ग्रामोद्योगाचा विचार स्वयंपाकघरातील धुरापर्यंत पोहोचला. नंतरच्या सरकारी निर्धूर चुली पुष्कळ ठिकाणी नळी न साफ केल्याने किंवा भांडी नीट न बसल्याने बंद पडल्या. गरीब घरांना गॅसजोडणी देणाऱ्या सरकारी उज्ज्वला योजनेचे २०१६ पासून मिळालेले सिलिंडरही, ते पुन्हा भरून घेण्याइतके पैसे हाती नसले की, कोपऱ्यात उभे राहतात. शिवाय जुन्या चुलीचा धूर कवेलूंच्या छपराचे लाकूड आणि वर टांगलेले बियाणे किडीपासून राखत असे, त्याची वेगळी सोय करावी लागते. निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरते सरपण, चारा इत्यादी जंगलातून घेण्याचा रूढ हक्क, २००६ च्या वन हक्क कायद्याने मान्य केला आहे, आणि घरात गॅस आला म्हणून तो सोडून देण्याचे कारण नाही.

वैश्वदेव, म्हणजे शिजलेल्या अन्नाचा पहिला भाग अग्नीला व भूतमात्रांना देणे, ज्या घरात पाळला जातो तिथे तो नव्या अग्नीवरही पाळता येतो, आणि दारी आलेल्याला जेवू घालण्यास कोणत्याही शेगडीची आडकाठी नाही. जुनी चूल मोडून तिची माती शेतात टाकावी. पूजा करून मोडली तर उत्तम, न करता मोडली तरी दोष नाही. नवी चूल कोणती घ्यावी आणि कुठे मांडावी, हे मात्र त्या घरात जिला रोज रांधायचे आहे तिला आधी विचारून ठरवावे.