देवाचा माथा आणि टॉवरची जागा

मार्गशीर्ष लागला की सुरगाणा, कळवण, पेठच्या डोंगररांगांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू होतो. कोकणा, भिल्ल आणि इतर आदिवासी पाड्यांतल्या माऊल्या व्रत धरतात, पावरीच्या सुरावर रात्र रात्र नाचतात आणि शेवटी गडावर जाऊन नवस फेडतात. या श्रद्धेला गाभारा लागत नाही, कळस लागत नाही. कडा, गुहा, माथा, त्यावरचे झाड, सगळे मिळून देव.

आता याच मुलखात मोबाइलचा टॉवर उभारायचा तर अभियंता कोणती जागा शोधेल? उंच, मोकळी, जिथून चार दऱ्या नजरेत येतील अशी. म्हणजे पुष्कळदा तोच माथा.

रेंज ही इथे चैनीची वस्तू उरलेली नाही. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटायला नेटवर्क लागते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरची हजेरीही मोबाइल अ‍ॅपवर घेणे सक्तीचे झाले. भात-नागलीची कापणी उरकून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला गेलेल्या माणसाचा घराशी धागा म्हणजे फोन. २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी मूलभूत सुविधा मिळत नाहीत म्हणून गुजरातेत सामील करा अशी मागणी केली, त्यामागची वंचना खरी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने देशातल्या २४,६८० नेटवर्कहीन गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. ती उशिरा आली आणि ती हवीच आहे.

म्हणूनच प्रश्न अवघड होतो. टॉवर वाईट असता तर नकार सोपा होता.

काही भीती बाजूला ठेवता येतात. टॉवरच्या लहरींबाबत भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा ठरवली. गावाने मोजणी मागावी, तिचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्यावा, म्हणजे शंका उघड्यावर तपासली जाईल. खरी इजा अधिक साधी असते: माथ्यापर्यंत यंत्रे न्यायला डोंगराच्या कुशीत कापलेला रस्ता, पहिल्याच पावसात त्यावरून ओढ्यात उतरणारी माती, वीज गेली की धडधडणारा डिझेल जनरेटर, निकामी झाल्यावर कोपऱ्यात पडून राहिलेल्या बॅटऱ्या. दूरसंचार विभागाने २०१२ मध्येच ग्रामीण टॉवरांपैकी निदान निम्मे २०१५ पर्यंत मिश्र ऊर्जेवर आणायला सांगितले होते. सुरगाण्यासारख्या भागात सौर पॅनेल ही टॉवरची पहिली अट असावी.

पण रस्ता दुसरीकडून नेता येतो, जनरेटर बदलता येतो. देवाचे काय?

कायद्याने हा प्रश्न मोडीत काढलेला नाही, हे फार महत्त्वाचे आहे. सुरगाणा अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ चा पेसा कायदा आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वीज आणि दूरसंचार वाहिन्यांसारख्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन द्यायची वाट मोकळी ठेवली, पण ग्रामसभेच्या शिफारशीची अट घालून. याच वनहक्कांच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले. त्यांत सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. तळपाय सोलवटून मागितलेला हक्क शिक्क्यापुरता उरू नये.

ओडिशातल्या नियमगिरीचे उदाहरण इथे आठवते. डोंगरिया कोंधांचा नियमराजा तिथल्या डोंगरात आहे, आणि डोंगरात बॉक्साइट. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. न्यायालयाने डोंगरात देव आहे की नाही हे स्वतः ठरवले नाही. ते कोणाला विचारायचे, एवढे ठरवले. श्रद्धेकडे पाहण्याची याहून प्रामाणिक रीत सापडणे कठीण.

मात्र खाण आणि टॉवर यांत फरक आहे. खाण डोंगर नेते आणि नफा दूर जातो. टॉवर डोंगरावर राहतो आणि त्याची रेंज त्याच दरीत उतरते. गावाला तो हवा असतो. मग ज्याला आजारी माणसासाठी रुग्णवाहिका बोलवायची आहे, त्याचा होकार कितपत मोकळा? गरज इतकी निकडीची की नाही म्हणायची जागाच उरत नाही. एकच जागा दाखवून, घ्या नाहीतर योजना परत जाईल असे सांगितले, तर त्या सहीला संमती म्हणणे अन्यायाचे आहे. निदान दोन-तीन जागा समोर हव्यात, गडाचा माथा सोडून शेजारच्या सोंडेवरची एखादी, मग रेंज थोडी कमी भरली तरी चालेल. ती किती कमी भरेल, कोणता पाडा सुटेल, हेही आधी सांगायला हवे.

पाड्यांचा पेच वेगळाच. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाडाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा घेऊ शकतो. टॉवर एका पाड्याच्या हद्दीत, लाभ पाच पाड्यांना आणि गडावर नवस त्याहून जास्त गावांचे. ज्याच्या सातबाऱ्यात किंवा शिवारात माथा येतो त्याचाच शब्द अखेरचा मानला, तर देवावर हक्क सांगणाऱ्या बाकीच्यांना विचारले कोणी? ज्या ज्या गावांच्या माऊल्या त्या गडावर जातात त्या सगळ्यांच्या ग्रामसभांत भगत, आशा सेविका, रेशन घेणाऱ्या बाया आणि अभियंता समोरासमोर बसायला हवेत. वेळ लागेल. मंत्रालयातल्या मुदतींना तो परवडत नाही, पण गडाचे वय पाहता फार नाही.

वेळेचाच आणखी एक मुद्दा. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांपैकी एक २६ जानेवारी. तेव्हा द्राक्षहंगाम भरात येऊ लागलेला असतो, धडधाकट माणसे नाशिकच्या बागांत आणि पाड्यावर म्हातारे-पोरे. गडाच्या माथ्याचा ठराव त्या दिवशी मांडू नये. तो कापणी आटोपताच, माणसे बागांकडे निघण्याआधी मांडावा.