एकट्याचा घास

मनुष्याने दुःख एकट्याने सोसावे आणि सुख मात्र चारचौघांत भोगावे, अशी आपल्या समाजाची एक अलिखित नीती आहे. आजारी आप्ताच्या समाचारास, कोर्टकचेरीच्या कामास, फार काय तीर्थयात्रेसही कोणी एकटा गेला तर त्याला कोणी नावे ठेवीत नाही; कारण तेथे कष्ट आहेत, कर्तव्य आहे, निदान पुण्य तरी आहे. परंतु एखाद्या सुस्थितीतील गृहस्थाने केवळ मौजेखातर एकट्यानेच परगावी जाऊन खेळ पाहिला आणि तेथील खास पदार्थ पोटभर खाल्ले, असे कळताच ऐकणाऱ्याच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटते. "एकटेच गेला होतात?" हा प्रश्न मग येतोच, आणि त्यात कुतूहलापेक्षा अधिक काहीतरी असते.

२०२४ च्या जानेवारीत रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा सामना सोलापूरच्या पार्क मैदानावर होता. तो पाहावा आणि दोन दिवस सोलापुरी जेवण जेवावे, एवढ्याच हेतूने मी पुण्याहून एकटा तेथे गेलो होतो. परत आल्यावर वरील प्रश्न मला नातलगांनी विचारला, सहकाऱ्यांनी विचारला आणि शेजारच्या एका वृद्ध बाईंनीही विचारला. इतक्या निरनिराळ्या मुखांतून एकच प्रश्न एकाच स्वरात येतो, तेव्हा त्याच्या पोटी काही नैतिक आशय असलाच पाहिजे. एकट्याने सुख भोगणे हा दोष आहे काय, याचा विचार म्हणूनच थोडा नेटाने करणे प्राप्त आहे.

प्रथम पूर्वपक्ष मांडू. तो दुबळा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ वे सूक्त दानाची थोरवी सांगते, आणि एकट्याने खाणारा मनुष्य पापाचाही एकटाच धनी होतो, असा त्यातील एका ऋचेचा आशय आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही केवळ स्वतःकरिता अन्न शिजविणाऱ्याला असाच कठोर शब्द ऐकविला आहे. पश्चिमेकडे पाहावे तर ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात सुखी मनुष्याला मित्रांची गरज असते का, असा प्रश्न घालतो, आणि जगातील सारी सुखे मिळाली तरी ती एकट्याने भोगणे कोणी पत्करणार नाही, असे उत्तर देतो. कांटने तर तत्त्वचिंतकाने एकट्याने जेवणे प्रकृतीलाच अपायकारक ठरविले. त्याच्या मते भोजनास माणसे तिघांहून कमी नसावीत आणि नवांहून अधिक नसावीत. स्वतः तो मित्रांना बोलावल्यावाचून सहसा जेवीत नसे. मात्र जेवणानंतर फिरावयास जाताना ह्याच कांटला सोबत नको असे, ही गोष्टही येथेच नमूद करून ठेवलेली बरी.

आता ह्या वचनांचा रोख नेमका कोणावर आहे, ते पाहावे. ऋग्वेदातील सूक्त लक्ष देऊन वाचले, तर ऋषीच्या डोळ्यांपुढे मित्रावाचून जेवणारा मनुष्य नाही, असे दिसून येते. त्याच्या डोळ्यांपुढे आहे तो दारात भुकेला उभा असता मन घट्ट करून आपले ताट पुढे ओढणारा धनिक. म्हणजे दोष एकटे असण्याचा नसून, दुसऱ्याची भूक दिसत असूनही ती न पाहण्याचा आहे. दहा सोयऱ्यांना घेऊन पक्वान्ने झोडणारा गृहस्थ दारच्या भुकेल्याला हाकलून देत असेल, तर त्या सूक्ताच्या दृष्टीने एकट्याने खाणारा तोच होय. सोबतीला माणसे किती होती, हा हिशेब तेथे अप्रस्तुत आहे.

सोलापूरच्या परिसरात ह्या विचाराला एक पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथाच साक्ष आहे. ज्या ज्वारीची भाकरी खाण्यास मी गेलो होतो, तिचे कोठार म्हणजे मंगळवेढे. तेथील काळ्या, खोल जमिनीत मालदांडी ज्वारी पिकते. हिवाळ्यातील दव आणि जमिनीत मुरलेली ओल एवढ्यावरच ती पोसते, आणि तिची भाकरी मऊ व गोडसर होते. त्याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी, दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडत असता, बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार लोकांना उघडून दिले, असे परंपरा सांगते. दामाजीपंत आपले जेवण कोणाच्या पंगतीत बसून जेवीत, हे परंपरेने लक्षात ठेविलेले नाही. त्यांनी कोठाराची कुलपे काढली, एवढेच तिने जपले; आणि जपण्यासारखे तेवढेच होते.

मग माझ्यासारख्या किरकोळ प्रवाशाच्या सुखाची परीक्षा कशी करावयाची? माझ्या मते तिची कसोटी अशी आहे: त्या सुखाने मनुष्याचे दार लागते की उघडते?

खेळाचेच उदाहरण घेऊ. मैदानावर एकट्याने जाता येते, परंतु खेळ एकट्याने पाहता येत नाही. पार्क मैदानाला कागदोपत्री इंदिरा गांधी स्टेडियम असे नाव असले, तरी गावाच्या तोंडी ते पार्कच आहे. ज्यांनी १९५५ साली कसोटी सामन्यात भारताचे पहिले द्विशतक काढले, त्या पॉली उम्रीगरांचा जन्म ह्याच शहरात झाला, आणि गावाला त्याचा अभिमान आहे. मी बसलो होतो तेथे माझ्या एका बाजूस निवृत्त गिरणी कामगार होता व दुसऱ्या बाजूस कॉलेजातील दोन मुले. मणिपूरचा संघ रणजी स्पर्धेत प्रथम उतरला तो २०१८ साली. म्हणजे घरापासून हजारो किलोमीटर दूर आलेला हा संघ स्पर्धेत तसा नवखाच. त्यांच्या फलंदाजाचा एखादा फटका चांगला बसला की हा कामगार मान डोलावून "भले!" म्हणे. महाराष्ट्राचा कैवार घेऊन आलेल्या त्या मुलांना ते प्रथम रुचले नाही. पुढे तीही टाळ्या वाजवू लागली. त्या गृहस्थाने न विचारता भाजलेल्या शेंगांचा पुडा माझ्यापुढे केला, आणि फळीवर टरफलांचा ढीग वाढत असता त्याने मला जुन्या गिरणीतील पाळीच्या भोंग्यांविषयी जे सांगितले, ते मला कोणत्याही ग्रंथात वाचावयास मिळाले नसते. माझ्यासोबत चार स्नेही असते, तर तो पुडा माझ्यापर्यंत आला असता काय? आम्ही आमच्याच गप्पांत असतो, आणि त्याने आमच्या घोळक्याकडे पाहून पुडा आपल्याच मांडीवर ठेविला असता.

अमेरिकेत बेसबॉलचे सामने पाहण्याकरिता एकट्याने गावोगाव हिंडणारी आणि प्रत्येक गावचा खास पदार्थ चाखणारी माणसे आहेत. तेथेही मैदानावर भुईमुगाच्या शेंगा खाण्याची चाल इतकी जुनी आहे की, बेसबॉलवरील १९०८ सालच्या एका लोकप्रिय गीतात तिचा उल्लेख आला आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आला, सोलापूरच्या रानात रुजला, आणि लाल तिखट, लसूण व मीठ यांसह उखळात तेल सुटेपर्यंत कुटला जाऊन त्याची अशी चटणी झाली की, आता ती सोलापूरचीच म्हणून ओळखली जाते. परक्या ठिकाणी एकट्याने आलेली वस्तू तेथलीच होऊन राहते, हे शेंगेला साधले. माणसाला दोन दिवसांपुरते तरी ते साधावयास काय हरकत आहे?

अन्नाची गोष्टही अशीच आहे. सोलापूरची कडक भाकरी पातळ थापतात आणि भाजून अशी वाळवितात की ती पापडासारखी मोडते व कित्येक दिवस टिकते. हे अन्न मुळातच घरापासून दूर खाण्याच्या सोयीचे आहे. करणारी एका गावी आणि खाणारा दुसऱ्या गावी, अशी तिची रचना आहे. आज सोलापुरात अनेक स्त्रिया ह्या भाकरीवर संसार चालवितात. खाणावळीत एकटा बसून ती दही-चटणीशी खाताना माझ्या ताटापाशी शेतकरी होता, भाकरी थापणारी होती, चटणी कुटणारी होती. ह्यांतील कोणीही दिसत नव्हते, म्हणून ती नव्हतीच असे मानणे, हाच खरा एकलकोंडेपणा होय.

त्या खाणावळींनाही इतिहास आहे. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे कामाच्या शोधात येथे आली. त्यांतील कित्येकांची बायकामुले गावी राहिली होती. त्यांना एकट्याने जेवावे लागे, आणि त्यांच्या त्या जेवणाला कोणी चैन म्हटले नाही. आता बहुतेक गिरण्या बंद झाल्या आहेत. मी हौसेने दोन दिवस एकटा जेवलो आणि ते निरुपायाने वर्षानुवर्षे एकटे जेवले, हा भेद मला विसरता येत नाही. एकांत हा निवडलेला असतो; एकाकीपण माथी मारलेले असते. नीतीचा प्रश्न पहिल्यापेक्षा दुसऱ्याच्या बाबतीत अधिक निकडीचा आहे.

आणि येथेच आपल्या सहभोजनाच्या अभिमानाचीही तपासणी करावी लागते. आपली पंगत म्हणजे सर्वांना सामावणारी वस्तू होती, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय? कोणाला कोणाच्या पंगतीस बसू द्यावयाचे नाही, ह्याचे नियम जितके सूक्ष्म होते, तितके वाढण्याचेही नव्हते. पार्क मैदानाजवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या काळच्या रूढीप्रमाणे ह्या चौघांच्या घरच्या पंगती निराळ्या. मरण मात्र त्यांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आले. आपल्याच माणसांत बसून जेवणारा समाज कित्येकदा फार मोठ्या संख्येने एकटा असतो. आणि खाणावळीच्या बाकावर समोर कोण येऊन बसेल याची निवड ज्याच्या हाती नाही, तो एकटा प्रवासी त्या मानाने अधिक मोठ्या पंगतीत असतो.

ह्याहूनही जवळची एक पंगत आहे. आपल्या घरोघरी एक व्यक्ती पिढ्यान्‌पिढ्या एकटीच जेवत आली. सर्वांची ताटे उचलल्यावर, स्वयंपाकघरात, उरलेल्या आमटीशी गार भाकरी खाणाऱ्या त्या स्त्रीला कोणी "एकटीच?" असे विचारले नाही. माझी आई अशीच जेवली. पुष्कळ वाचकांच्या आयांचीही हीच गोष्ट असेल. तिचे एकटे जेवणे कोणाच्या डोळ्यांत सलले नाही, कारण त्यात सुख नव्हते. म्हणजे आपला आक्षेप एकटेपणाला कधीच नव्हता, एकट्याने घेतलेल्या सुखाला होता. कष्ट एकटीने करावेत, उपास एकटीने करावेत, जेवावेही एकटीने. फक्त मौज तेवढी एकटीने करू नये, ह्या नीतीत न्याय कोठे आहे, ते मला दिसत नाही.

म्हणून एकट्याने सुख घेण्याचे समर्थन करणाऱ्या पुरुषावर एक जबाबदारी येते. हा हक्क मनुष्यमात्राचा आहे असे तो म्हणत असेल, तर तो त्याच्या घरातील स्त्रीचाही असलाच पाहिजे. उद्या तिने सांगितले की, "मी दोन दिवस सोलापूरला जाते; सामना पाहीन, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसेन, मला आवडेल ते खाईन, आणि सोबत कोणी नको," तर त्या घरात काय होईल? प्रथम सुरक्षिततेचा प्रश्न निघेल, आणि तो खोटा नाही. तथापि तो प्रश्न रस्त्यांना, गाड्यांना आणि पुरुषांच्या वागणुकीला विचारावयाचा आहे. तिला घरी बसविणे हे त्याचे उत्तर नव्हे. मग स्वयंपाकाचा प्रश्न निघेल, मुलांच्या परीक्षेचा निघेल, आणि सर्वांच्या शेवटी, काहीशा खालच्या आवाजात, "एकटीच?" हा प्रश्न निघेल. ज्या घरात हा शेवटचा प्रश्न निघणार नाही, त्या घरच्या पुरुषाने एकट्याने खाल्लेला घास निर्दोष आहे. ज्या घरात तो निघेल, तेथे त्याचे सुख हा हक्क नसून मिरास आहे. आणि मिराशीचे अन्न कितीही रुचकर असले, तरी त्या प्राचीन ऋषीचा शब्द त्याला लागू पडतो.

एवढे मान्य केल्यावर मूळ प्रश्नाला उत्तर देणे कठीण नाही. होय, एकटाच गेलो होतो. यंदा माझी पत्नी जाणार आहे. तिला क्रिकेटची गोडी नाही, म्हणून ती गड्ड्याच्या यात्रेला जाईल. स्वयंपाकाचे त्या दोन दिवसांत काय करावयाचे, ते मी पाहून घेईन.