मत गावाला, घाम चाकणला

"मामा, आमदारकीला उभं राहणाऱ्याला चाळीस लाख खर्चायची मुभा आहे. माझ्या हातात ओटी धरून महिन्याला सोळा हजार पडतात. म्हणजे अडीचशे महिने झाले. वीस वर्षं आन् वर दहा महिने मी काही खाल्लं नाही, मेसवाल्याला दिलं नाही, गावाला पाठवलं नाही, तर कायद्यात बसून एक निवडणूक लढवीन. आन् हा झाला नुसता कागदावरचा खर्च."

भाचा सत्तावीस वर्षांचा, रेणापूर तालुक्यातला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला आहे. मामा निगडीच्या यमुनानगरात राहतात, टेल्कोतून निवृत्त झालेले. त्या कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, पण त्यांच्या वयाचा माणूस टेल्कोच म्हणणार. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो आणि बहुतेक वेळ गप्पच होतो.

"मग गरिबाला निवडून द्या," मामा म्हणाले. "कोण अडवतंय? पण आम्ही ते करून बघितलंय. गिरणी संपानंतर 1984 ला मुंबईच्या कामगारांनी दत्ता सामंतांना खासदार केलं. इंदिराबाई गेल्यानंतरची लाट, देशभर काँग्रेस, आणि त्या लाटेत हा माणूस दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष निवडून आला. बंद गिरण्या उघडल्या का? आमच्याकडं टेल्कोत युनियनचा पुढारी राजन नायर. 1989 च्या सप्टेंबरात शनिवारवाड्यासमोर आम्ही हजारोंनी उपोषणाला बसलो. एका रात्री पोलिसांनी सगळ्यांना उचलून गाड्यांत घातलं, आणि तिथून संप मोडला. नायर काही पैसेवाला नव्हता, आपल्यातलाच होता. आपला असून काय झालं?"

"म्हणून पैसेवाला चालंल?"

"चालेल असं नाही म्हणत. पैशानं माणूस मोजू नको म्हणतो. 2019 च्या नोव्हेंबरात मुंबईत उद्योगपतींचा कार्यक्रम होता. समोर अमित शहा बसलेले, आणि राहुल बजाज उठून त्यांच्या तोंडावर म्हणाले की, लोक तुमच्यावर टीका करायला घाबरतात. माझे उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत, असंही सांगितलं. अपक्ष म्हणून राज्यसभेतही होते ते, 2006 ते 2010. भरल्या पोटाच्या माणसाला भीती कमी असते. रिकाम्या पोटाचा पुढारी किती दिवस रिकाम्या पोटाचा राहतो, हे तुला मी सांगायला नको."

भाच्यानं हे पटल्यासारखी मान हलवली. मग म्हणाला, "ते खरंच बोलले. मी बी बघितलाय तो व्हिडिओ. पण त्यांच्याच चाकणच्या कारखान्यात 2013 ला युनियननं काय मागितलं होतं? प्रत्येक कामगाराला पाचशे शेअर, एक रुपयाच्या भावानं. पन्नास दिवस संप चालला आन् शेअर न घेता माणसं कामावर गेली. मोठ्या माणसाचं धाडस त्याच्या गोष्टीपुरतं असतं मामा. माझी गोष्ट निघाली की तो मालक होतो."

त्या मागणीवर जरा थांबावंसं वाटतं. पगारवाढ, बोनस, निलंबितांना परत घ्या, या नेहमीच्या मागण्या झाल्या. या पट्ट्यात असंख्य संप झाले, पण आम्हालाही भागीदार करा म्हणणारा हा एकच मला आठवतो. कारखाना श्रीमंत झाला याचा त्या कामगारांना राग नव्हता, आपण त्यात कुठं बसतो हे त्यांना विचारायचं होतं. पुढाऱ्यांच्या श्रीमंतीबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही, तिथं आपण एकदम चारित्र्यावर जातो.

मामांनी आता दुसरीकडून पकडलं. "तू 2019 ला नोटा दाबलंस ना?"

"दाबलं."

"लातूर ग्रामीणमध्ये नोटाला साडेसत्तावीस हजार मतं पडली, दुसऱ्या नंबरची. पेपरात छापून आलं, सगळ्या महाराष्ट्राला मजा वाटली. धीरज देशमुख पडले का त्यानं? लाखाच्या वर फरकानं आले. त्यांना पाडलं ते 2024 ला, रमेश कराडांना मत देऊन. बटण कुणाच्या तरी नावापुढं दाबावं लागतं बाबा."

"पडले की. पुढं काय?" भाच्याचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "गावाकडं आमदार बदलला. मी कुठं होतो? चाकणला, कॉट बेसिसवर, एका खोलीत सहा जण. तुमच्या वेळी गेटवर मॅनेजमेंट एका बाजूला असायची, युनियन एका बाजूला, आन् पुढारी ह्यांच्यात नायतर त्यांच्यात. शिवी कुणाला द्यायची ते तरी ठरलेलं. आमचं बघा. खोल्या माजी सरपंचाच्या भावाच्या. कंपनीच्या बसचा ठेका त्याच्या पुतण्याचा. पाण्याचा टँकर त्यांचाच. माझी पगाराची स्लिप ज्याच्या नावानं निघते तो लेबर काँट्रॅक्टर दसऱ्याला फ्लेक्सवर साहेबांच्या खांद्याला खांदा लावून असतो. कॅन्टीन कुणाचं, भंगार कोण उचलतं, ते विचारूच नका. सोळा हजार येतात आन् त्यातले निम्मे फिरून त्यांच्याच वाड्यात जातात. मी त्यांचा मतदार नाही मामा. ऑफिसच्या बोर्डावर लिहिलेलंच असतं, मॅनपावर सप्लाय. मी ती मॅनपावर आहे."

"त्यांची जमीन गेली रे," मामा म्हणाले. निगडी, भोसरी, चिखलीची शेतं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. "एमआयडीसीनं घेतली, राहिलेली बिल्डरनं घेतली. आपण गुंठामंत्री म्हणून हसतो. पण ज्याच्या वावरात कांदा निघत होता त्यानं त्याच वावराच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहायचं का? त्यानं ठेका मागितला. मी बी मागितला असता."

"मागावाच. मी त्याला वाईट म्हणत नाही. तो मला पगार देतो, वेळेवर देतो. पण पगार देणाऱ्यापुढं हात जोडून उभा राहणारा माणूस त्यालाच पाच वर्षांनी जाब कसा विचारील? सात महिन्यांनी ब्रेक देणं त्याच्याच हातात आहे."

भाचा इथं नेमकं बोलला असं मला वाटतं. पुढारी कोट्यधीश आहे हे जुनंच दुखणं. 2024 च्या विधानसभेला घाटकोपर पूर्वच्या पराग शहांनी शपथपत्रात 3,383 कोटी दाखवले तेव्हा लोकांनी आकडा वाचला आणि पान उलटलं. कारण घाटकोपरचा मतदार पोटासाठी त्या आकड्याच्या दारात उभा नसतो. चाकणला रक्कम कितीतरी लहान असेल, पण ती कामगाराच्या खोलीत, बसमध्ये, स्लिपवर असते.

मी मध्येच सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव काढलं. अकरा वेळा आमदार, एसटीनं फिरणारा माणूस. मतदार मनावर घेतील तर असंही होतं, असं मला म्हणायचं होतं. भाच्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, त्यांना तीच तीच माणसं निवडून देत होती. त्यांना गाव होतं. माझ्या खोलीतली सहा पोरं पुढच्या दिवाळीला एका ठिकाणी राहिली तरी पुष्कळ झालं."

"मग इथं नाव लाव," मामा म्हणाले. "फॉर्म आठ भर. जिथं राहतोस तिथं मत, कायदा तोच आहे. रस्ता इथला, पाणी इथलं, मरायचं इथं, आणि मत रेणापूरला?"

"खोलीमालक भाडेकरार देत नाही. का देईल? वॉर्डात समजा चारशे मतं आहेत आन् खोल्यांत दोन हजार पोरं. सगळ्यांनी नावं लावली तर सरपंच लातूरचा होईल." दोघंही हसले. "मागं ऑगस्टमध्ये, 2025 च्या, अजितदादा पहाटेच चाकण चौकात ट्रॅफिक बघायला आले होते. चांगलंच केलं. आमची फर्स्ट शिफ्टची बस रोज त्याच वेळी त्याच चौकात अडकते. त्या बसमध्ये साठ पोरं असतील. इथलं मत किती जणांचं? दोघांचं, फार तर तिघांचं. उरलेल्यांसाठी कुणी का पहाटे उठावं? आमची आठवण गावाकडच्यांना येते. मतदानाच्या आदल्या रात्री नाशिक फाट्याला कुठल्या ना कुठल्या तालुक्याची ट्रॅव्हल्स उभी असते, फुकट. पोरं चढतात, मत टाकतात, दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर."

"कागदाचं सोड. आधार आहे, बँकेचं पासबुक इथल्या पत्त्याचं करता येतं. मी येतो तुझ्याबरोबर."

भाचा काही बोलला नाही. मामांनी पुन्हा विचारल्यावर म्हणाला, "आबांची विहिरीची फाइल पंचायत समितीत आहे."

"त्याचा काय संबंध?"

"आमच्या घरात चार मतं आहेत. मी नाव काढलं की तीन. गावात कुणाच्या घरात किती मतं ते कार्यकर्त्याला तोंडपाठ असतं. चाराची तीन झाली की फाइल खाली सरकते."

"असं काही नसतं रे."

"नसंल. पण आबा तसं मानतात, आन् कार्यकर्ताबी तसंच मानतो. मग ते खरंच झालं की. आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात ते सगळ्यांनाच येतात, त्याला मत लागत नाही. विहिरीला लागतं. इथं नाव लावलं तर मी इथला होईन, पण एकटा. तिथं निदान चारातला एक आहे."

मामांना हे नवीन होतं. त्यांच्या पिढीनं गाव सोडलं, परमनंट झाले, प्राधिकरणात नाहीतर यमुनानगरात घर घेतलं आणि मत आपोआप मागोमाग आलं. 89 ला हरले तरी हरणारे सगळे एकाच यादीत होते. मत आणि पोट वेगवेगळ्या जिल्ह्यांत ठेवून जगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"मी दाजींशी बोलतो," शेवटी ते म्हणाले.

"काय बोलाल?"

"की पोराला जिथं राहतो तिथं माणूस होऊ द्या."

"ते म्हणतील, विहीर मंजूर होऊ द्या, मग भर."

"मग तेव्हा भर."

"आन् तवर ब्रेक मिळाला तर? नाव चाकणला, मी रांजणगावला."

मामांनी थोडा विचार केला. "रांजणगाव शिरूर लोकसभेतच येतं," ते म्हणाले. "खासदार तरी तोच राहील."